बाळाच्या कपड्याची सुरक्षितता चाचणी: विटा-माधवनगरच्या कापडवाल्यांसाठी सविस्तर वाट

विट्याच्या मागावर निघालेलं ग्रे (न रंगवलेलं, कोरं) कापड प्रोसेसला म्हणजे धुलाई-रंगाईला जातं, कधी इचलकरंजीला, कधी थेट राजस्थानात पाली-बालोत्र्याला. रंगून परत येतं आणि सांगली-मिरजेच्या आसपास एखाद्या शिलाई युनिटात त्याचं झबलं, टोपडं नाहीतर दुपटं होतं. या वाटेत त्याला सायझिंगवाल्याने खळ लावलेली असते, स्कॉरिंगमध्ये (कापड उकळून धुताना) साबण आणि सोडा, डाईंगमध्ये रंग आणि फिक्सर, फिनिशिंगमध्ये रेझिन किंवा सॉफ्टनर लागलेला असतो. छपाई असेल तर तिची पेस्ट वेगळीच. शेवटी ते कापड बाळ तोंडात घालतं.

हल्ली पार्टी (खरेदीदार) ऑर्डर देताना 'टेस्ट रिपोर्ट लागेल' एवढंच सांगते. कुठली चाचणी, कुठल्या प्रयोगशाळेतून, नमुना कधी काढायचा, हे कोणी सांगत नाही. मग माल पॅक झाल्यावर धावपळ सुरू होते. म्हणून इथे सगळा क्रम लिहितो आहे. उदाहरण लहान मुलांच्या सुती कपड्याचं घेतलं आहे, कारण सगळ्यात कडक नियम त्याच मालाला आहेत. त्यात बसणाऱ्याला शर्टिंग आणि चादरी जड जाणार नाहीत.

आधी विचारा: माल कोण घालणार आणि कुठे विकला जाणार

चाचण्यांची यादी या दोन उत्तरांवर ठरते. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० या कापडातल्या घातक रसायनांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रात मालाचे चार वर्ग आहेत. पहिला तीन वर्षांपर्यंतच्या बाळांचा, दुसरा अंगाला थेट लागणाऱ्या कपड्यांचा, तिसरा वरून घालायच्या कपड्यांचा आणि चौथा पडदे-आच्छादनांचा. एकच रसायन असलं तरी वर्गागणिक मर्यादा बदलते. फॉर्माल्डिहाइड दुसऱ्या वर्गात ७५ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ७५ भाग) चालतं, तिसऱ्यात १५० पर्यंत. बाळाच्या मालात मात्र ते मोजणीत सापडताच कामा नये. म्हणजे शर्टासाठी पास झालेलं तेच कापड झबल्यासाठी नापास होऊ शकतं. 'आमच्या कापडाचा रिपोर्ट आहे' हे वाक्य यामुळेच अर्धवट ठरतं. रिपोर्ट कुठल्या वर्गाचा, हे पुढे विचारावंच लागतं.

युरोपात रीच हा कायदा आहे. त्याच्या परिशिष्ट १७ मध्ये अ‍ॅझो रंग (कृत्रिम रंगांचा एक मोठा गट), निकेल, फॉर्माल्डिहाइड, नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट यांच्या मर्यादा दिल्या आहेत. अमेरिकेत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मालाला २००८ च्या सीपीएसआयए कायद्याने तिऱ्हाईत प्रयोगशाळेची चाचणी सक्तीची केली. ती प्रयोगशाळा तिथल्या सीपीएससी या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या यादीत असावी लागते. मुलांच्या मालाचं प्रमाणपत्र तिथला आयातदार देतो, पण त्यामागची चाचणी आणि लॉटचा हिशेब तुमच्याकडूनच मागितला जातो.

माल इथेच, सांगलीच्या किंवा कोल्हापूरच्या बाजारात जाणार असेल तर 'आपल्याला कुठे लागतंय' असं म्हणू नका. केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली बेंझिडिनवर आधारलेल्या ४२ रंगांवर आणि १९९७ मध्ये आणखी ७० अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली आहे. असे एकूण ११२ रंग आपल्याकडेच बंद आहेत. युरोपात चालत नाही म्हणून तो माल गावच्या आठवडी बाजारात खपवणं हा गुन्हा आहेच. त्याहून वाईट म्हणजे ते कापड आपल्याच लेकराच्या अंगावर जातं.

चाचण्या: कशासाठी कुठली

अ‍ॅझो रंगांपासून सुरुवात करू, कारण इथे चूक झाली तर दुरुस्तीला वाव नाही. काही अ‍ॅझो रंगांतला बंध त्वचेवरच्या किंवा पोटातल्या जिवाणूंमुळे तुटतो आणि बेंझिडिनसारखी अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स सुटतात. त्यातली काही कर्करोग करणारी आहेत. बेंझिडिनचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी असलेला संबंध रंग कारखान्यांतल्या कामगारांमुळेच उघडकीला आला. युरोपच्या यादीत अशी २२ अमाइन्स आहेत आणि प्रत्येकाची मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम आहे. ओएको-टेक्समध्ये ती २० आहे. चाचणीची पद्धत आयएसओ १४३६२ भाग १. तिच्यात नमुन्यावर सोडियम डायथायोनाइटची क्रिया करून रंग मुद्दाम तोडतात. डाईंगवाले ज्याला हायड्रो म्हणतात आणि बिघडलेली शेड उतरवायला वापरतात, तेच हे रसायन. तुटून निघालेली अमाइन्स मग यंत्रावर मोजतात. रिपोर्टमध्ये अ‍ॅनिलिन किंवा फेनिलिनडायअमाइन दिसलं तर भाग ३ ची वेगळी चाचणी लागू शकते, कारण ४-अमिनोअ‍ॅझोबेंझिन भाग १ मध्ये स्वतःच तुटून जातं. हे प्रयोगशाळेला आधीच विचारून ठेवा.

फॉर्माल्डिहाइड येतं सुरकुती न पडणाऱ्या फिनिशमधून, काही फिक्सरमधून आणि छपाईच्या बाइंडरमधून. पद्धत आयएसओ १४१८४ भाग १. डोळे चुरचुरणं, अंगावर पुरळ येणं या तक्रारींमागे पुष्कळदा हेच असतं. याचा एक खोडसाळ गुण लक्षात ठेवा. ते हवेतून एका कापडातून दुसऱ्यात शिरतं. रेझिन मारलेल्या शर्टिंगच्या ताक्याशेजारी बाळाचं स्वच्छ कापड ठेवलं, तर काही दिवसांत ते स्वच्छ कापडही नापास होऊ शकतं. गोदामात दोन्ही माल वेगळ्या खोलीत ठेवा, निदान बाळाचा माल जाड पॉलिथिनमध्ये बंद तरी ठेवा.

पीएच साधा वाटतो, पण नापास होण्याचं ते नेहमीचं कारण आहे. बाळाच्या आणि अंगाला लागणाऱ्या मालासाठी ४.० ते ७.५ ही चौकट आहे. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला (सुताशी रासायनिक बंध करणाऱ्या रंगाला) सोडा लागतो. नंतरची धुलाई कमी पडली की तो कापडात राहतो. पाणी वाचवायचं म्हणून एक धुलाई गाळली, तर रिपोर्टवर पीएच ९ येतो.

रंगाचा पक्केपणा चार बाजूंनी बघतात: धुण्याने, घासण्याने, घामाने आणि बाळाच्या मालाला लाळेनेही. घासण्याची पद्धत आयएसओ १०५-एक्स१२, घामाची १०५-ई०४, धुण्याची १०५-सी०६. निकाल १ ते ५ अशा ग्रे स्केलवर देतात आणि त्यात ५ सर्वोत्तम. गडद मरून किंवा काळ्या रंगाला ओल्या घासणीत २-३ येणं रिअ‍ॅक्टिव्हमध्ये सर्रास असतं. पार्टीने ४ मागितला असेल तर ऑर्डर घेतानाच बोला, नाहीतर शेड हलकी करायला सांगा.

सायझिंगच्या खळीकडे आपल्या भागात कोणाचंच लक्ष जात नाही. खळीला बुरशी लागू नये म्हणून पूर्वी पेंटाक्लोरोफेनॉल घालत. जर्मनीने १९८९ मध्येच त्यावर बंदी आणली. डिसाइझिंग (खळ काढणं) नीट झालं नाही तर त्याचा अंश कापडात उरतो. म्हणून ग्रे विकणाऱ्यालाही हा प्रश्न येतोच. आपला सायझिंगवाला खळीत काय प्रिझर्व्हेटिव्ह घालतो, ते एकदा डबा बघून विचारून घ्या.

स्कॉरिंगच्या स्वस्त साबणांत नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट असतं. धुता येणाऱ्या कापडात ते वजनाच्या ०.०१ टक्क्याच्या आत असावं, असा युरोपचा नियम ३ फेब्रुवारी २०२१ पासून लागू आहे. साबण बदलला की प्रश्न सुटतो.

कापडाइतकंच बटण, चेन आणि नाडी बघा. अमेरिकेत साध्या रंगवलेल्या कापडाला शिशाच्या चाचणीतून सूट आहे, पण टिच बटणाला, चेनला आणि छपाईला ती नाही. शिशाची मर्यादा मालात १०० पीपीएम आणि वरच्या रंगलेपात ९०. त्वचेला लागणाऱ्या धातूतून निकेल आठवड्याला चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सुटू नये. युरोपच्या ईएन १४६८२ प्रमाणे सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्याला डोक्याशी किंवा मानेशी नाडी चालत नाही. ती कुठेतरी अडकली तर गळफास बसतो. गळ्याला नाडी बांधायची झबली आपल्याकडे वर्षानुवर्षं शिवली जातात. निर्यातीच्या ऑर्डरीत तो नमुना डिझाइनलाच थांबवा.

जळण्याच्या चाचणीबद्दल थोडक्यात. अमेरिकेच्या १६ सीएफआर १६१० प्रमाणे चौरस मीटरला ८८ ग्रॅमच्या वरच्या सपाट कापडाला ही चाचणी करावी लागत नाही. मलमलीसारखं पातळ सुती कापड किंवा लव असलेलं फ्लॅनेल असेल तर करावी लागते. मुलांच्या रात्रीच्या कपड्यांचे नियम वेगळे आणि फार कडक आहेत. त्या ऑर्डरीत पार्टीकडून लेखी यादी घेतल्याशिवाय हात घालू नका.

घरच्या घरी करायच्या तपासण्या

प्रयोगशाळेचा खर्च वाचवायचा असेल तर नापास होणारा माल आधी घरीच ओळखा.

घासणीसाठी पांढरं, खळ नसलेलं सुती कापड घ्या. बोटाला घट्ट गुंडाळा आणि रंगीत कापडावर एकाच रेषेत दहा वेळा पुढे-मागे घासा. एकदा कोरडं, एकदा ओलं करून पिळून. पांढऱ्या कापडावरचा डाग उजेडात बघा, आणि डागाचं कापड तारीख घालून फाइलला लावा. क्रॉकमीटर (घासणी तपासायचं यंत्र) विकत घेता आला तर उत्तम, पण तो नसला तरी हे काम अडत नाही.

पीएचसाठी दोन ग्रॅम कापडाचे बारीक तुकडे शंभर मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात दोन तास हलवत ठेवा आणि साध्या मीटरने मोजा. बोअरचं पाणी वापरू नका, त्याचा स्वतःचाच पीएच मध्ये येतो. मीटर रोज बफरने तपासा.

बटणासाठी तराजूकाटा पुरतो. हुकवाला स्प्रिंग काटा बटणाला अडकवा, कापड दुसऱ्या बाजूने घट्ट धरा आणि नऊ किलोपर्यंत ओढून दहा सेकंद थांबा. ही ओढ साधारण ९० न्यूटन होते, बरेच खरेदीदार हीच मागतात. बटण निघालं, दोरा तुटला किंवा कापडाला भोक पडलं तर तो नमुना नापास. टिच बटण पातळ कापडावर थेट ठोकलं की भोक पडतंच. मागे पट्टी द्यायला शिलाईवालीला सांगा. ही चाचणी कामाच्या पाळीत दर मशीनच्या मालावर घ्या. सकाळी एकदा करून दिवसभर विसरलं तर उपयोग नाही.

तुटलेल्या सुईची वही ठेवा. सुई तुटली की तिचे सगळे तुकडे चिकटपट्टीने त्या पानावर लावायचे, तुकडा सापडेपर्यंत त्या टेबलावरचा माल पुढे जाऊ द्यायचा नाही. बाळाच्या कपड्यात सुईचं टोक राहणं याहून भयंकर काही नाही, आणि ते रोखायला वही आणि शिस्त पुरते.

प्रयोगशाळा निवडताना

आपल्याकडे प्रयोगशाळांना मान्यता देतं एनएबीएल, भारतीय गुणवत्ता परिषदेचं मंडळ. मान्यतेचा पाया आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ हे मानक. एनएबीएल आंतरराष्ट्रीय परस्पर मान्यतेच्या करारात असल्यामुळे त्याचं चिन्ह असलेला रिपोर्ट परदेशातही ग्राह्य धरला जातो. आयएसओ ९००१ वेगळं. ते कारभाराची पद्धत नीट आहे एवढंच सांगतं. मोजणी बरोबर येते का, यंत्र कॅलिब्रेट केलेलं आहे का, माणसाला ती चाचणी करता येते का, हे १७०२५ मध्ये तपासतात.

इथे बहुतेक जण फसतात. मान्यता 'प्रयोगशाळेला' सरसकट मिळत नाही, ती चाचणीगणिक मिळते. त्या यादीला स्कोप म्हणतात. एखाद्या प्रयोगशाळेला जीएसएम (चौरस मीटरचं वजन), ताकद आणि रंगाचा पक्केपणा यांची मान्यता असेल, पण अ‍ॅझोची नसेल. अ‍ॅझोचा रिपोर्ट ती तरीही देईल, फक्त त्या निकालावर एनएबीएलचं चिन्ह लागू होणार नाही. म्हणून पैसे भरण्याआधी एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रयोगशाळेचं नाव शोधा, तिचा स्कोप उघडा आणि तुम्हाला हवी ती पद्धत आयएसओ क्रमांकासकट त्यात आहे का ते बघा. मान्यतेची मुदतही तिथेच दिसते.

कोणाकडे जायचं? वस्त्रोद्योग मंत्रालयाखालची टेक्स्टाइल्स कमिटी ही १९६३ च्या कायद्याने झालेली संस्था आहे आणि तिच्या प्रयोगशाळा आहेत. मुंबईत घाटकोपरला बीटीआरए ही वस्त्र संशोधन संस्था आहे. आपल्या उंबऱ्यावर इचलकरंजीत डीकेटीई ही वस्त्र-अभियांत्रिकी शिकवणारी संस्था आहे. खरेदीदाराची स्वतःची ठरलेली यादी असेल तर मात्र दुसरीकडे जाऊ नका, त्याने नाव दिलेल्या खाजगी प्रयोगशाळेतच माल पाठवा. आयएसआय चिन्हासाठी लागणारी चाचणी बीआयएसने (भारतीय मानक ब्युरोने) मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच करावी लागते, नुसती एनएबीएल मान्यता तिथे पुरत नाही.

एक गोष्ट बचत गटांसाठी. कतरणीपासून मऊ खेळणी शिवणाऱ्या बायका आपल्या जिल्ह्यात आहेत. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि कापडी बाहुलीही खेळणंच धरली जाते. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना यातून सूट आहे. नोंदणी आधी करा, विक्री नंतर. आणि सूट मिळाली तरी आतली कतरण धुतलेली, सुई-टाचणी नसलेली हवीच.

नमुना काढणं आणि पाठवणं

चाचणी दोनदा करायची. पहिली, रंगाची शेड मंजूर होताना, लॅब डिपवर (मंजुरीसाठी रंगवलेल्या छोट्या तुकड्यावर) किंवा पहिल्या छोट्या लॉटवर. यात अ‍ॅझो, फॉर्माल्डिहाइड, पीएच एवढं बघा. दुसरी, मोठा माल तयार झाल्यावर. पहिली गाळणाऱ्याला दुसरीत नापास झाल्यावर हजारो मीटर कापड गळ्यात पडतं. कुठल्याही खर्चाच्या हिशेबात ही पहिली चाचणी महाग ठरत नाही.

ताक्याच्या टोकाचे दोन-तीन मीटर आणि दोन्ही बाजूंच्या किनारी सोडून नमुना घ्या. पूर्ण पन्ह्याचा एक मीटर सहसा पुरतो, तरी नेमकं किती हवं ते विचारा. प्रत्येक रंगाचा वेगळा नमुना द्या. अ‍ॅझोसाठी तीन रंग एकत्र तपासायची मुभा पद्धतीत आहे आणि त्यात पैसे वाचतात. पण एकत्र नमुन्यात काही सापडलं तर तिन्ही पुन्हा वेगळे तपासावे लागतात. गडद लाल, नारिंगी, काळा या संशयाच्या शेड एकेकट्याच पाठवा.

फॉर्माल्डिहाइडचा नमुना अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून हवाबंद पिशवीत घाला, बाकी नमुन्यांपासून वेगळा. त्यावर स्केच पेनने काही लिहू नका, लेबल पिशवीवर लावा. तेवढाच दुसरा तुकडा सील करून, तारीख आणि लॉट नंबर घालून स्वतःकडे ठेवा. वाद झाला तर तोच कामाला येतो.

प्रयोगशाळेच्या फॉर्मवर 'रंगीत सुती कापड' एवढंच लिहू नका. धाग्याचा काउंट, शेडचं नाव, प्रोसेसचा लॉट नंबर, चलन नंबर, ऑर्डर नंबर, वापरणाऱ्याचं वय, माल जाणार तो देश आणि लागू होणारी मर्यादा, हे सगळं भरा. रिपोर्टवर तेच वर्णन उमटतं, आणि रिपोर्ट तुमच्या मालाशी जोडणारा धागा तेवढाच असतो.

रिपोर्ट वाचताना

पहिल्या पानावरचा 'पास' हा शब्द बघून फाइल बंद करू नका. यूएलआर क्रमांक (रिपोर्टचा एनएबीएल पद्धतीचा स्वतंत्र क्रमांक) आहे का, एनएबीएल चिन्ह कुठल्या चाचण्यांना लागू आहे, नमुन्याचा फोटो आपल्याच कापडाचा आहे का, पद्धतीचा क्रमांक मागितला तोच आहे का, हे तपासा. जवळजवळ प्रत्येक रिपोर्टवर 'निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरते' असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ शब्दशः घ्या. पुढच्या लॉटला तो रिपोर्ट चालत नाही.

मर्यादेच्या अगदी काठावरचा आकडा आला तर मोजणीची अनिश्चितता, म्हणजे आकडा किती मागे-पुढे असू शकतो, ते विचारा. फॉर्माल्डिहाइडची मर्यादा ७५ आणि निकाल ७२ असेल, तर मोजणीच्या चुकीच्या पट्ट्यात दुसरी प्रयोगशाळा तोच माल नापास करू शकते. पास-नापास कुठल्या नियमाने ठरवलं, हे सांगायला १७०२५ प्रमाणे प्रयोगशाळा बांधील आहे. काठावरचा माल मी पास समजत नाही, एकदा धुऊन घेतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या रिपोर्टपासून सावध राहा. एका शेडचा जुना रिपोर्ट प्रोसेसवाले सगळ्या पार्ट्यांना पाठवतात, असा अनुभव आपल्या पट्ट्यात बऱ्याच जणांना आहे. ग्राहकाचं नाव, तारीख आणि लॉट जुळत नसेल तर तो कागद तुमच्या कामाचा नाही. शंका असेल तर यूएलआर देऊन थेट प्रयोगशाळेला ईमेल करा.

नापास झालं तर

पीएच जास्त असेल तर माल पुन्हा धुवा आणि हलक्या आम्लाने उदासीन करा. बाळाच्या मालाला अ‍ॅसेटिकऐवजी सायट्रिक बरं, वास राहत नाही. घासणीत रंग उतरत असेल तर बहुधा सोपिंग (रंगाईनंतरची साबणाची धुलाई) कमी पडलेलं असतं. जड पाण्यात सोपिंग नीट होत नाही, म्हणून सॉफ्टनिंग प्लांट किंवा सिक्वेस्टरिंग एजंटची (पाण्यातला जडपणा बांधून ठेवणाऱ्या रसायनाची) चौकशी करा. फॉर्माल्डिहाइड थोडं जास्त असेल तर धुण्याने उतरतं. रेझिनचं क्युअरिंग (उष्णतेने पक्कं करणं) अपुरं असेल तर ते पुन्हा पुन्हा वर येत राहतं, तेव्हा फिनिशच बदला.

अ‍ॅझो नापास झालं तर त्याला इलाज नाही. धुऊन, शेड चढवून, पातळ करून ते जात नाही. तो लॉट बाजूला काढा, प्रोसेसवाल्याशी लेखी बोला, नुकसानीचा हिशेब करा, पण तो माल दुसऱ्या नावाने विकू नका. कारण बहुतेक वेळा एकच निघतं: लेबल नसलेल्या पिशवीतला सुटा स्वस्त रंग. रंग विकत घेताना सीआय (कलर इंडेक्स) क्रमांक, लॉट नंबर, एमएसडीएस (रसायनाच्या सुरक्षिततेचा माहितीपत्रक) आणि प्रतिबंधित अमाइन्स नसल्याचं उत्पादकाचं लेखी पत्र घ्या. हे पत्र जॉबवर्कच्या करारात अट म्हणून घाला, म्हणजे नापास मालाचा खर्च कोणाचा यावर भांडण राहत नाही. निकाल पटला नाही तर सील केलेला तुकडा दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एकदा पाठवा. पास होईपर्यंत प्रयोगशाळा बदलत राहणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

स्वतःची प्रयोगशाळा काढावी का

एकट्या युनिटने मान्यतेच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. यंत्रमागधारकांच्या सहकारी संस्थेने मात्र विचार जरूर करावा, तोही जीएसएम, ताकद, फाटणं, रंगाचा पक्केपणा आणि पीएच एवढ्यापुरताच. अ‍ॅझोसाठी लागणारं यंत्र, ते चालवणारा रसायनशास्त्राचा माणूस आणि त्याची देखभाल हे छोट्या संस्थेला झेपत नाही. भौतिक चाचण्यांसाठीही खोलीची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास चोवीस तास राखावी लागते. विट्याच्या उन्हाळ्यात, लाइट गेल्यावर, ती कशी राखणार ते आधी ठरवा. पुढे कार्यपुस्तिका, कॅलिब्रेशन, दुसऱ्या प्रयोगशाळांशी निकाल पडताळण्याच्या चाचण्या, अंतर्गत ऑडिट, व्यवस्थापनाचा आढावा, मग एनएबीएलकडे अर्ज आणि त्यांच्या परीक्षकांची भेट. त्यांनी काढलेल्या त्रुटी मुदतीत मिटवल्या की मान्यता मिळते, आणि तपासणी त्यानंतरही चालू राहते.

कागद जपण्याचं राहिलं. लॉटवार एक फाइल करा: रंगाचं पत्र, प्रोसेसचं चलन, घरच्या तपासणीचे डागाचे तुकडे, बटणाची नोंद, रिपोर्ट. अमेरिकेला जाणाऱ्या मुलांच्या मालाच्या चाचणीच्या नोंदी पाच वर्षं ठेवाव्या लागतात, रीचखालची माहिती दहा वर्षं. सील केलेले नमुने उन्हापासून दूर, कोरड्या कपाटात, लॉट नंबरच्या क्रमाने लावा.